हेड गॅस्केट बदललं तरी कूलंट खाली जातंय, काम नीट झालंय हे ओळखायचं कसं?

मंडळी, मदत हवी आहे. पेट्रोल गाडी, मोठ्या चढावर तापमानाचा काटा लालमध्ये गेला, मागून पांढरा धूर आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधलं सील) गेलंच होतं. मेकॅनिकने हेड काढलं, लेथवर फेसिंग करून आणलं, गॅस्केट, थर्मोस्टॅट, ऑइल, कूलंट सगळं नवीन. हेड बोल्टही नवीनच घालायला लावले, कारण बऱ्याच इंजिनांत ते एकदा ताणले गेले की परत वापरायचे नसतात.

आता गाडी मस्त पळतेय, काटा मध्यावर, धूर बंद. पण कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारून ठेवलीय आणि सकाळी थंड इंजिनवर बघावं तर कूलंट रेघेच्या खाली. खाली जमिनीवर थेंब नाही. मेकॅनिक म्हणतो, हवा निघतेय, टाकत राहा, बसेल आपोआप. असेलही, पण मग हीटर लावला की सिग्नलला उभं असताना गार हवा आणि जरा रेस केलं की गरम, हे काय? ऑइलच्या झाकणाखाली परत किंचित पिवळट चिकटा दिसला (डिपस्टिक मात्र स्वच्छ आहे), त्याने तर झोपच उडाली. "गाडी चालतेय ना" एवढ्यावर माझं समाधान होत नाही, पक्कं कळेल अशी काही टेस्ट आहे का? की कॉम्प्रेशनच (सिलिंडरमधला दाब) बघून घेऊ?

प्रतिसाद १:
हीटरचं जे लिहिलंय ते बहुतेक एअर लॉक, म्हणजे कूलंटच्या वाटेत अडकलेली हवा. नीट ब्लीडिंग करून (ती हवा काढून) घ्या, नुसतं टाकत राहू नका. झाकणाखालचा चिकटा जवळच्या जवळ गाडी फिरवली तरी येतो, इंजिन पुरेसं तापत नाही आणि वाफ तिथेच बसते. पुसून टाका आणि एकदा लांब चालवून मग बघा. खरी गंमत सकाळी, रात्रभर उभ्या गाडीचा रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघा, स्टार्ट न करता. मऊ असेल तर ठीक, दगडासारखा टणक लागला तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये घुसतोय.

प्रतिसाद २:
पाइपवर थांबू नका, ब्लॉक टेस्ट करायला सांगा. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या केमिकलची नळी धरतात, पेट्रोल इंजिनचा जळका गॅस येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. सोबत थंड इंजिनवर प्रेशर टेस्ट, म्हणजे बारीक लीकही कळेल. कॉम्प्रेशन नंतर बघा, त्यात बारीक गळती कधीकधी सापडतच नाही. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, भाजाल.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. आधी ब्लीडिंग, मग ब्लॉक टेस्ट माझ्यासमोर करायला लावतो. नवीन रेघ मारली आहे, कळवतो.