कस्टम रॉम टाकला, गावाला आलो, रेंज फुल्ल पण डेटा बंद

डोंबिवलीकर_देवगडचो
मंडळी मदत करा. गणपतीला देवगडला आलोय. निघायच्या चार दिवस आधी जुन्या फोनवर कस्टम रॉम (कंपनीच्या जागी दुसऱ्यांनी बनवलेली फोनची सिस्टीम) टाकला, डोंबिवलीत एकदम मक्खन चालत होता, कणकवलीला गाडीतून उतरलो तसं नेट गायब. फोन लागतायत, एसएमएस येतायत, फक्त डेटा नाही. तेच सिम बायकोच्या फोनात (तो कंपनीतून आला तसाच आहे) घातलं तर धावतंय! एपीएन (नेट जोडायची सेटिंग) दोनदा नवीन टाकलं, रीस्टार्ट तर दहा वेळा केला. आरतीचे व्हिडिओ ग्रुपवर टाकायला शेजारच्या काकांचं हॉटस्पॉट मागतोय, आता लाज वाटायला लागली. परत स्टॉक रॉम (कंपनीचा मूळ) टाकू का?

फ्लॅशवेडा
एपीएन नीट सेव्ह झालं का ते बघ आधी. तीन टिंबांतून सेव्ह करावं लागतं, नुसतं बॅक मारलं की काही रॉममध्ये उडून जातं. जिओला जिओनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, बीएसएनएलला बीएसएनएलनेट. टाइपमध्ये डीफॉल्ट पाहिजेच. एमसीसी (देशाचा कोड) 404 नाहीतर 405 असं आपोआप येतं, त्याला हात लावू नको. आणि *#06# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) दिसतोय ना बघ, ईएफएस (तो नंबर जिथे साठवलेला असतो तो भाग) उडालं असेल तर अवघड आहे.

खाडीपलीकडचो
अरे आयएमईआय गेलो असतो तर फोन लागले असते काय? उगाच घाबरवू नको त्याका. सिम खयचा तुझा, मुंबईचा की हयचा? रेंजच्या दांड्यांच्या बाजूक बारीक आर दिसता काय बघ.

डोंबिवलीकर_देवगडचो
आयला हो, आर आहे! मला वाटलं रॉमचाच काहीतरी आयकॉन असेल. सिम डोंबिवलीतच घेतलेलं.

खाडीपलीकडचो
मगे झाला. सेटिंगमधे डेटा रोमिंग चालू कर. स्टॉक रॉम बिम काय टाकू नको.

रॉमवाली_रत्नागिरी
कारण सांगते, दर मे महिन्यात आणि गणपतीत कोणीतरी हेच विचारतं. डोंबिवली टेलिकॉमच्या हिशोबात मुंबई सर्कलमध्ये (म्हणजे विभागात) येते, आपलं कोकण महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. सिमवरचा कोड आणि टॉवरचा कोड जुळत नाही. कंपनीच्या रॉममध्ये यादी असते की हे कोड आपल्याच घरचे, रोमिंग समजू नका. बऱ्याच कस्टम रॉममध्ये ती यादी नसते नाहीतर अर्धवट असते, मग फोनला वाटतं आपण परमुलखात आलो, आणि नव्या रॉममध्ये डेटा रोमिंग बंदच असतं. एपीएनमध्ये खाली एपीएन रोमिंग प्रोटोकॉल म्हणून वेगळी ओळ आहे, ती पण आयपीव्ही४/आयपीव्ही६ (नेटच्या पत्त्यांची जुनी-नवी दोन्ही पद्धत) कर, नुसतं आयपीव्ही४ राहिलं तर काही सिमवर डेटा जोडलाच जात नाही.

डोंबिवलीकर_देवगडचो
चाललं!!! नुसतं रोमिंग चालू करून काही होईना, ती प्रोटोकॉलची ओळ बदलली आणि धडाधड शंभर मेसेज आले. पैसे नाही ना कापणार? आणि डोंबिवलीला गेल्यावर बंद करायचं का?

रॉमवाली_रत्नागिरी
देशातल्या देशात नेहमीच्या प्लॅनमध्ये वेगळे पैसे नाही पडत. राहू दे चालू. परदेशी गेलास तर मात्र विमानात बसायच्या आधी बंद कर, तिकडे खरंच मीटर पळतो.

खाडीपलीकडचो
आणि काकांचा हॉटस्पॉट वापरलंस, मोदक तरी नेऊन दी त्येंका.