सर्वकालीन श्रेष्ठ ड्रायव्हर कोण? माझं मत फॅन्जिओला

वळणवेडा:
फॉर्म्युला वन मोटार शर्यतींत शूमाकर मोठा की हॅमिल्टन, या वादाचं गाडं दोघांच्या सात-सात विजेतेपदांपाशी येऊन अडतं. सेन्नाचे चाहते उतरले की मग सगळं भावनेवर जातं. माझं मत या तिघांपैकी कोणालाच नाही. माझ्या लेखी श्रेष्ठ एकच, अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फॅन्जिओ.

आकडे आधी सांगून टाकतो. ५१ शर्यती, २४ विजय, २९ पोल (पात्रता फेरीत सर्वांत वेगवान ठरून मिळणारी पहिली जागा). पाच विजेतेपदं, १९५१ चं आणि १९५४ पासून सलग चार, तीही अल्फा रोमिओ, मासेराटी, मर्सिडीज आणि फेरारी अशा चार कंपन्यांच्या गाड्यांवर. पहिलं मिळालं तेव्हा चाळिशी गाठलेली, शेवटचं ४६ व्या वर्षी.

पण माझं मत ठरलं ते एका शर्यतीवरून. ४ ऑगस्ट १९५७, जर्मनीतला नुर्बुर्गरिंग ट्रॅक. एक लॅप, म्हणजे फेरी, २२.८ किलोमीटरचा, डोंगर-जंगलातून जाणारा, कडेला झाडं आणि चर. मासेराटी अर्ध्या टाकीवर हलकी ठेवायची, आघाडी घ्यायची आणि मध्ये थांबून इंधन भरून टायर बदलायचे, असा बेत होता. आघाडी जवळपास अर्ध्या मिनिटाची झालीही. पिटमध्ये मात्र चाक बसवताना घोळ झाला. फॅन्जिओ बाहेर पडला तेव्हा फेरारीचे हॉथॉर्न आणि कॉलिन्स पाऊण मिनिटाहून जास्त पुढे होते. पुढचे दहा लॅप त्याने जे केलं त्याला तोड नाही. लॅपचा विक्रम मोडायचा, पुढच्या फेरीत तो पुन्हा मोडायचा. पोलची वेळ होती ९ मिनिटं २५.६ सेकंद. भर शर्यतीत त्याने लॅप काढला ९ मिनिटं १७.४ सेकंदांत! नेहमीपेक्षा एक गिअर वरचा ठेवून वळणं घेतली, असं तो नंतर सांगायचा. शेवटून दुसऱ्या फेरीत दोघांनाही मागे टाकलं आणि चारेक सेकंदांनी जिंकला. ड्रम ब्रेक, अरुंद टायर, सीट बेल्ट नाही.

याच्या तोडीची दुसरी शर्यत कोणी दाखवा.

टेलिमेट्री:
आदर आहे, पण असहमत. त्या २४ मधले दोन विजय वाटून घेतलेले आहेत. १९५१ ला रेम्समध्ये फॅन्जिओची गाडी बिघडली, तेव्हा अल्फाने लुइजी फाजिओलीला त्याच्या गाडीतून उतरवून ती फॅन्जिओला दिली. फाजिओली इतका दुखावला की पुन्हा फॉर्म्युला वनमध्ये दिसला नाही. १९५६ ला अर्जेंटिनात संघातल्या मुसोची गाडी घेतली. त्याच वर्षी इटलीत मोंझाला पीटर कॉलिन्सने स्वतःला विजेतेपदाची संधी असताना गाडी सोडून दिली, आणि फॅन्जिओचं चौथं विजेतेपद पक्कं झालं. हे विजेतेपद एकट्याचं कसं मानायचं?

चार कंपन्या म्हणता, पण तो जात होता तिथे बहुतेक वेळा त्या वर्षीची सगळ्यात चांगली गाडी होती. शूमाकर उलट वाटेने गेला. १९९६ ला दोनदा विजेता असताना तो फेरारीत आला, तेव्हा फेरारीच्या ड्रायव्हरने विजेतेपद जिंकलेलं शेवटचं वर्ष होतं १९७९. त्याच मोसमात बार्सिलोनाच्या मुसळधार पावसात त्याने ४५ सेकंदांनी शर्यत मारली. १९९८ ला हंगेरीत फेरारीच्या रॉस ब्रॉनने रेडिओवर सांगितलं, १९ लॅपमध्ये २५ सेकंद काढून दे. दिले की काढून! शिवाय आजच्या ग्रिडवर, म्हणजे शर्यतीला उभ्या राहणाऱ्यांत, प्रत्येक जण सात-आठ वर्षांचा असल्यापासून कार्टिंग करत आलेला असतो. १९५० च्या दशकात एवढी स्पर्धा नव्हती.

मोनाको_सेन्ना:
पोलचा विषय निघालाच आहे तर मोनाको १९८८. तीच मॅकलारेन, शेजारी अलाँ प्रॉस्टसारखा ड्रायव्हर, आणि सेन्ना त्याच्यापेक्षा १.४ सेकंदांनी पुढे. एकाच गाडीत हे अंतर, माझ्यासाठी प्रश्न तिथेच मिटतो.

अनिरुद्ध_ठाणे:
मिटत नाही. त्याच मोनाकोत शर्यतीच्या दिवशी भरभक्कम आघाडी असताना त्याने एकट्याने गाडी भिंतीला घातली आणि प्रॉस्ट जिंकला. १९९० ला सुझुकाच्या पहिल्याच वळणावर त्याने प्रॉस्टला उडवलं, आणि ते ठरवून केल्याचं पुढच्या वर्षी स्वतः सांगितलं. अडीचशेच्या आसपास वेगात समोरच्याच्या जिवाशी खेळणाऱ्याला मी श्रेष्ठ म्हणू शकत नाही. शूमाकरलाही हेच लागू. १९९७ ला हेरेझमध्ये प्रतिस्पर्धी व्हिलनव्हच्या अंगावर गाडी घातली म्हणून त्याचं त्या मोसमातलं स्थानच काढून घेतलं होतं.

माझं मत जॅकी स्टुअर्टला. ९९ शर्यती, २७ विजय, तीन विजेतेपदं. १९६८ ला नुर्बुर्गरिंगवरच, पाऊस आणि धुक्यात, मनगट दुखावलेलं असताना तो चार मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला. वळणवेडा, तुम्ही तोडीची शर्यत मागितलीत, ही घ्या. पण त्याचं मोठेपण त्याहून मोठं आहे. १९६६ ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर अपघातात तो गाडीत अडकून पडला, अंगावर इंधन सांडत होतं, आणि स्टिअरिंग काढून त्याला सोडवायला ट्रॅकवर अवजार नव्हतं. बाकीच्या ड्रायव्हरांनी एका प्रेक्षकाकडून पाना मिळवला. त्यानंतर स्टुअर्ट गाडीतच पाना चिकटवून ठेवायचा, आणि सुरक्षेसाठी ट्रॅकमालकांशी, आयोजकांशी वर्षानुवर्षं भांडला. आज ड्रायव्हर भिंतीला धडकून चालत बाहेर येतो, त्याची सुरुवात तिथे झाली.

गायत्री_चाकण:
स्टुअर्टबद्दल कृतज्ञता आहे, पण सुरक्षेचं काम वेगळं आणि गाडी चालवणं वेगळं.

मी ब्रेकच्या चाचणीत काम करते, म्हणून माझी नजर तिथेच जाते. ड्रम ब्रेक तापला की पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. तशा ब्रेकवर नुर्बुर्गरिंगला विक्रम मोडत राहणं काय असतं याची मला कल्पना आहे, फॅन्जिओला सलाम. तरी माझी निवड जिम क्लार्क. त्याचे ब्रेक पॅड इतरांपेक्षा कमी झिजायचे, हे त्याच्या लोटस संघाचे मेकॅनिक सांगत. वेग सगळ्यात जास्त आणि झीज सगळ्यात कमी, हे दोन्ही एकत्र जमणारा माणूस गाडीशी भांडत नाही, तिचं ऐकतो. ७२ शर्यतींत २५ विजय, ३३ पोल, आणि दुसरा क्रमांक फक्त एकदा. लोटस टिकली तर तो जिंकायचा, नाहीतर गाडी मोडायची. १९६५ ला मोनाको सोडून इंडियानापोलिसला गेला, ५०० मैलांची शर्यत जिंकला आणि त्याच वर्षी विजेतेपदही घेतलं. १९६७ ला मोंझाला टायर गेल्यामुळे तो पूर्ण एक लॅप मागे पडला. तिथून सगळ्यांना गाठून आघाडीवर आला, शेवटच्या फेरीत इंधन संपत आलं आणि तिसरा आला. एक लॅप, तोही मोंझासारख्या वेगवान ट्रॅकवर. माझ्यासाठी ही १९५७ च्या वरची शर्यत आहे.

रॅलीवाला:
सगळे फॉर्म्युला वनमध्येच का अडकलात? १९५५ च्या मिल्ले मिल्यामध्ये स्टर्लिंग मॉस आणि फॅन्जिओ दोघांकडे मर्सिडीज ३०० एसएलआर होती. इटलीच्या साध्या रस्त्यांवर हजार मैल, आणि मॉस अर्ध्या तासाहून जास्त फरकाने पुढे. १९८२ ला जागतिक रॅली स्पर्धेत दुसरी आलेली मिशेल मूटाँ आणि नऊ वेळा जगज्जेता झालेला सेबास्तियाँ लोएब यांची नावंही इथे हवीत. बर्फ, खडी, चिखल, आणि प्रत्येक वळण सरावाशिवाय पूर्ण वेगात.

वळणवेडा:
मॉसच्या शेजारी वाट सांगायला जेन्किन्सन बसला होता, रस्त्याच्या नोंदींची लांबलचक गुंडाळी उलगडत, हाताने खुणा करत. फॅन्जिओ एकटा होता, त्याच्या इंजिनानेही दगा दिला, तरी दुसरा आला. त्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये दोघे एकाच संघात होते, विजेता फॅन्जिओ. मॉस स्वतः आयुष्यभर फॅन्जिओलाच श्रेष्ठ म्हणत राहिला.

टेलिमेट्री, गाडी वाटून घेणं तेव्हा नियमात होतं, आणि त्या विजयांचे गुणही निम्मेच मिळत. मोंझाला कॉलिन्सने गाडी स्वखुशीने दिली. पंचविशीतल्या प्रतिस्पर्ध्याला विजेतेपदापेक्षा समोरच्याचा मान मोठा वाटला, यातून फॅन्जिओचं वजन कळतं.

आणि मोनाको १९५०. पहिल्याच लॅपला त्याच्या मागे, टबाकच्या वळणावर, नऊ-दहा गाड्या एकमेकींवर आदळल्या. दुसऱ्या फेरीत तो तिकडे येत होता, समोरचं काही दिसत नव्हतं. पण प्रेक्षकांचे चेहरे आपल्याकडे वळलेले नाहीत, एवढं त्याच्या लक्षात आलं. आघाडीवरच्या गाडीकडे लोक बघत नाहीत म्हणजे पुढे काहीतरी झालंय. त्याने ब्रेक दाबला, त्या ढिगातून वाट काढली आणि शर्यत जिंकली. हे कोणत्या टेलिमेट्रीत, गाडीतून येणाऱ्या आकड्यांत, मोजणार?

टेलिमेट्री:
मोनाकोचं मान्य, ती नजर दुर्मीळ आहे. पण वयाचा मुद्दा तुम्ही काढलात म्हणून सांगतो. २०१२, मोनाकोच, शूमाकर ४३ वर्षांचा. समोर व्हेटेल, अलोन्सो, हॅमिल्टन, सगळे ऐन भरात. पात्रता फेरीत सर्वांत वेगवान वेळ शूमाकरची. आधीच्या शर्यतीतल्या शिक्षेमुळे पाच जागा मागे जावं लागलं, ती गोष्ट निराळी. एवढ्या खोल ग्रिडवर फॅन्जिओला त्या वयात हे जमलं असतं का?

वळणवेडा:
तो एक लॅप होता. त्या पुनरागमनाच्या तीन मोसमांत शूमाकर एकही शर्यत जिंकला नाही. फॅन्जिओने ४६ व्या वर्षी मोसम जिंकला, आणि नुर्बुर्गरिंगला ज्यांना गाठलं त्यातला हॉथॉर्न पुढच्याच वर्षी जगज्जेता झाला.