काकूंची यादी

ए-२०४: नमस्कार. शेजारच्या सोसायटीची सेवा-पुस्तिका आज हाती आली. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रात्री येणारी आया... दोन वर्षं जमवलेली माझी यादी जशीच्या तशी उचलली आहे. सुताराच्या नंबरात माझा एक आकडा चुकला होता, तोसुद्धा. फार वाईट वाटलं.

सी-५०१: काकू, चूक सापडली म्हणजे पुरावा मिळाला! नोटीसच पाठवू.

डी-१०३: पण प्लंबरचा नंबर कुणाच्या मालकीचा कसा असेल?

बी-३०२ वकीलताई: दादांचा मुद्दा बरोबर आहे. चुकीमुळे नक्कल सिद्ध होते, कॉपीराइटचा हक्क नाही. अमेरिकेत कॅन्ससमधल्या रूरल या टेलिफोन कंपनीने डिरेक्टरीत ४ खोट्या नोंदी पेरल्या होत्या. फाइस्ट कंपनीच्या डिरेक्टरीत त्याही छापून आल्या. तरी १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात रूरल हरली. नाव, गाव, नंबर, तेही अकारविल्हे, यात स्वतःचं असं काही नाही, नुसते कष्ट पुरत नाहीत, असं न्यायालय म्हणालं.

ए-२०४: म्हणजे माझे कष्ट वाया?

बी-३०२ वकीलताई: नाही हो काकू. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तक्ते, संकलनं, संगणकावरचा डेटाबेस, सगळं साहित्यकृतीत धरलंय. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या ग्राहकयादीलाही संरक्षण दिलं होतं. पुढे २००७ मध्ये, न्यायालयांचे निकाल छापणाऱ्या ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी बदलली. मूळ निकालपत्र कुणीही छापावं. पण त्याचे परिच्छेद पाडून क्रमांक देणं, कोणते न्यायाधीश सहमत आणि कोणते असहमत हे दाखवणं, याला कायद्याची जाण लागते, म्हणून तेवढं प्रकाशकाचं. कष्टांच्या जोडीला कौशल्य, निर्णयबुद्धी आणि थोडी तरी सर्जकता हवी. मला हा निकाल मनापासून पटतो. माहिती सगळ्यांना मोकळी राहते आणि डोकं लावणाऱ्याचाही मान राहतो.

काकू, तुमचे शेरे घेतलेत का त्यांनी?

ए-२०४: हो. ‘ज्येष्ठांशी नीट बोलतो’, ‘आधी पैसे देऊ नका’, शब्दही तेच. ‘पाणी तुंबलं’, ‘वीज गेली’, ‘घरात आजारी माणूस’ हे माझे भागही तसेच. शेवटच्या ३ पानांवर मात्र नुसते नंबर आहेत.

बी-३०२ वकीलताई: मग ती ३ पानं सोडून द्या. कुणाला बोलवावं, कुणाला गाळावं, अडचणीप्रमाणे कसं लावावं, हे तुम्ही ठरवलंत. शेरे तर तुमचं स्वतःचं लेखनच. तिथे आपली बाजू भक्कम आहे.

डी-१०३: हे मला ठाऊक नव्हतं. काकू, माझा शब्द मागे घेतो.

सेक्रेटरी: नोटीस नको, शेजार आहे. उद्या सकाळी त्यांच्या सेक्रेटरींना भेटतो. पुढच्या छपाईत काकूंचं नाव आणि आपल्या सोसायटीचा उल्लेख मागतो. ताई, तुम्हीही चला.

बी-३०२ वकीलताई: येते. काकूंची जुनी वही सोबत घेऊ, तारखा आहेत तिच्यात.

ए-२०४: नावाचं नंतर बघा. आधी सुताराचा नंबर दुरुस्त करायला सांगा. लोक भलत्याच माणसाला फोन लावत असतील.