वॉकिंग डेड: सातव्या सीझनला बंद केली, पुन्हा लावणार नाही

सांजवारा: (स्पॉयलर आहेत.) घरात 'द वॉकिंग डेड' ही चालत्या मढ्यांची (झोंबींची) अमेरिकन मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू झालीय. सहाव्या सीझनपर्यंत मी सगळ्यांबरोबर बसेन, सातव्याला उठेन. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचा पहिला भाग पाहिला तेव्हाच ठरवलं होतं. खलनायक नीगन काटेरी तार गुंडाळलेल्या बॅटनं नायक रिकच्या टोळीतल्या आधी अब्राहमचं, मग ग्लेनचं डोकं फोडतो. ग्लेनचा डोळा बाहेर आलाय, तो गरोदर बायकोशी काहीतरी बोलायला धडपडतोय, नीगन त्याची टिंगल करतोय, आणि कॅमेरा तिथून हलायला तयार नाही.

रक्ताचं मला वावडं नाही. चालत्या मढ्यांची डोकी फुटताना मी वर्षानुवर्षं जेवता जेवता पाहिली आहेत. राग वेगळा आहे. त्याआधी एप्रिलमध्ये सहावा सीझन संपवताना त्यांनी बॅट उगारली, मरणारा कोण ते लपवलं आणि सहा महिने आपल्याला अंदाज बांधत बसवलं. २०१५ मध्ये तर ग्लेन मेल्याचं भासवण्यासाठी सुरुवातीच्या नामावलीतून ग्लेनचं काम करणाऱ्या स्टीव्हन यूनचं नावही काढलं होतं. माणसाच्या मरणाचं कोडं घालायचं आणि उत्तर जमेल तितकं ओंगळ करून दाखवायचं, हे मला मान्य नाही.

बखरकार: मूळ कॉमिकच्या २०१२ मधल्या शंभराव्या अंकात ग्लेन असाच मरतो, डोळ्यासकट. ग्लेनच्या मरणात मालिकेनं पदरचं काही घातलेलं नाही. मला तुमचं जेवता जेवता बघणंच जास्त खटकतं. सहाव्या सीझनमध्ये रिकची माणसं नीगनच्या माणसांना झोपेत भोसकतात, त्यात ग्लेनही आहे. तेव्हा किती जणांनी टीव्ही बंद केला? आपल्या लाडक्यावर तीच वेळ आली की हिंसा अती होते. ती दुखायलाच हवी.

रानभूल: लोकांनी कौल दिलाच की. अमेरिकेत सातव्या सीझनचा तो पहिला भाग सुमारे १ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, पुढच्या वर्षी आठव्या सीझनचा पहिला भाग १ कोटी १४ लाखांनी. निर्मात्या गेल ॲन हर्ड यांनीही जानेवारी २०१७ मध्ये सांगितलं, की प्रतिक्रिया पाहून पुढची हिंसा सौम्य केली.

बखरकार: प्रेक्षक घटले ते कथा रेंगाळली म्हणून. सगळं खापर एका बॅटवर नको.

सांजवारा: बखरकार, झोपेतल्या माणसांचा प्रसंग काढलात ते बरं झालं. तिथे ग्लेन जिवंत माणसाला पहिल्यांदाच मारतो. त्याचा हात अडखळतो, डोळे भरून येतात, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर आहे. मारणाऱ्याचं काय होतं ते तिथे कळतं. असं दाखवलं तर मी कितीही हिंसा बघेन. सातव्यात मात्र फुटलेल्या कवटीकडे पुन्हा पुन्हा नेतात, त्यातून नवीन काहीच कळत नाही.

पाटपाणी: तेवढा भाग पुढे पळवा की. नवव्या सीझनपासून लेखिका-निर्माती अँजेला कँगच्या हाती सूत्रं आल्यावर मालिका फार सुधारली आहे.

बखरकार: पुढे पळवून कसं चालेल? नंतर ग्लेनची बायको मॅगी नीगनसमोर उभी राहते तेव्हा तिचा संताप पोचायचा असेल, तर तिनं जे पाहिलं ते आपणही पाहिलेलं असायला हवं.

सांजवारा: ते मॅगीच्या चेहऱ्यावर होतं. मॅगीचं काम करणाऱ्या लॉरेन कोहननं त्याच भागात ते एवढं उभं केलंय, की कॅमेरा तिच्यावरून हलला नसता तरी माझ्यापर्यंत सगळं पोचलं असतं.