एकदम फिकट स्किनसाठी फाऊंडेशन: सगळ्यात लाइट शेडपण डार्क आणि नारिंगी दिसते

अबोली_अ

माझी स्किन खूपच फिकट आहे, नुसती गोरी नाही, मनगटावरच्या आणि पापण्यांवरच्या निळ्या शिरा लांबून दिसतात इतकी. उन्हात थोडा वेळ थांबले तरी लाल होते, टॅन कधीच होत नाही, लाली उतरली की परत होती तशी. आतापर्यंत सात फाऊंडेशन घेऊन झालीत, प्रत्येक वेळी त्या त्या ब्रँडची सगळ्यात लाइट शेड, नाव पोर्सलिन, आयव्हरी, अलाबास्टर असलं काहीतरी, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन लावलं की अर्ध्या तासात चेहरा पीच-नारिंगी आणि मान वेगळ्याच माणसाची वाटते.

एका काउंटरवर तर मला सांगितलं की तुझे गाल गुलाबी आहेत म्हणजे तू कूल टोन आहेस, गुलाबी शेड घे. घेतली. ती नारिंगी नाही दिसली पण चेहऱ्यावर गुलाबी मुखवटा चढवल्यासारखं झालं. दुसऱ्या एका ठिकाणी म्हणाले की थोडी डार्क शेड चांगलीच दिसेल, चेहऱ्याला तेज येईल, मग मानेलाही लाव. मला नकोय ते, मला माझ्याच रंगाचं काहीतरी हवंय.

आणि हे कुणाला सांगितलं की लगेच येतं, अगं गोरी आहेस तर तुला काय प्रॉब्लेम, तुला मेकअपची गरजच काय. नाकाच्या बाजूला लाल डाग आहेत, डोळ्यांखाली निळं दिसतं, ते झाकायचंय एवढंच. व्हाइट मिक्सर नावाचा प्रकार असतो, फाऊंडेशनमध्ये मिसळून शेड फिकट करायचा पांढरा रंग, असं वाचलं, तो घालून चालेल का? की शेडच चुकतेय माझी? कुणाची अशी स्किन असेल तर प्लीज सांगा, खरंच कंटाळले आता.

नीलांबरी

अबोली, पहिली गोष्ट, गालांवरून अंडरटोन, म्हणजे स्किनची मूळ झाक, गुलाबीकडे झुकणारी (कूल), पिवळटकडे झुकणारी (वॉर्म) की मधली (न्यूट्रल), कधीच ठरवू नकोस. फिकट स्किनमध्ये रक्तवाहिन्या वरून दिसतात त्यामुळे गाल, नाक, हनुवटी गुलाबी दिसणारच, ती लाली आहे, स्किनचा रंग नाही. गुलाबी शेड लावली की लालीवर अजून गुलाबी बसतं आणि मान तशीच राहते, तुझा मुखवटा तिथूनच आला.

मॅच मानेशी करायचा, आणि त्याहून बरं म्हणजे मान आणि छाती यांच्या मधल्या भागाशी. हाताच्या मागच्या बाजूवर टेस्टर लावून बघतात ते तर सोडूनच दे, हात उन्हात असतात, रंग वेगळाच असतो.

एक कर, तोंड धुतल्यावर अर्धा तास काही लावू नकोस, मग खिडकीत उजेडाकडे तोंड करून बस, ऊन थेट अंगावर नको, आणि मानेशेजारी साधा पांढरा कागद धर. कागदाशेजारी मान गुलाबीकडे झुकते, पिवळटकडे, की चक्क हिरवट-राखाडी वाटते ते बघ. मनगटाच्या शिरा निळ्या तर कूल आणि हिरव्या तर वॉर्म हे जे सगळीकडे सांगतात ना, त्यावर आपल्यासारख्यांनी विसंबू नये, आपली स्किन इतकी पातळ दिसते की शिरा निळ्याच दिसणार, अंडरटोन काहीही असो.

आणि शेड ट्राय करताना जबड्याच्या कडेवर तीन पट्ट्या ओढायच्या, अर्ध्या चेहऱ्यावर अर्ध्या मानेवर अशा, आणि दुकानातून बाहेर पडायचं. किमान अर्धा तास. जी पट्टी शोधावी लागते ती तुझी. लगेच बिल केलंस तर परत तेच होणार.

रंगद्रव्य

मी कॉस्मेटिक फॉर्म्युलेशनच्या लॅबमध्ये काम करते म्हणून हे नारिंगी का होतं ते नीट सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

फाऊंडेशनमध्ये रंग देणारे मुख्य घटक चारच, पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड आणि लाल, पिवळा, काळा असे तीन आयर्न ऑक्साइड. बाटलीवर रंगांचे नंबर असतात, सीआय ७७८९१ दिसेल तो पांढरा, ७७४९१ लाल, ७७४९२ पिवळा, ७७४९९ काळा. सगळ्या शेड या चारांच्या प्रमाणाचा खेळ. लाइट शेड बनवताना पांढरा वाढवतात, बाकीचे कमी करतात, आणि काळा फार कमी झाला की उरतं काय, लाल आणि पिवळा, म्हणजेच पीच. त्यामुळे बऱ्याच ब्रँडची सगळ्यात लाइट शेड ही खरं तर फिकट नारिंगी असते. तुला वाटतं ती डार्क आहे, पण बऱ्याचदा ती डार्क नसते, जास्त रंगीत असते. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांचा उपायही वेगळा.

अर्ध्या तासात जे बदलतं त्याला सगळे ऑक्सिडाइज होणं म्हणतात पण आयर्न ऑक्साइड आधीच ऑक्साइड आहे, ते चेहऱ्यावर बसून अजून गंजत नाही. होतं असं की फाऊंडेशनमधलं पाणी आणि उडून जाणारे सिलिकॉन उडतात, पिगमेंट दाटतं, आणि स्किनचं तेल त्यात मुरतं. ओलं कापड कोरड्यापेक्षा गडद दिसतं तसंच. म्हणून आत आधी लावलेलं मॉइश्चरायझर पूर्ण मुरू देणं आणि जास्तीचं तेल टिपून घेणं याने फरक पडतो.

आता व्हाइट मिक्सर. चालतो, पण तो फक्त फिकट करतो, नारिंगीपणा काढत नाही. नारिंगीत पांढरा घातला की फिकट नारिंगी, त्यापलीकडे काही नाही. नारिंगीचा विरोधी रंग निळा, त्यामुळे आधी निळा मिक्सर अगदी सुईच्या टोकाएवढा घालायचा, ढवळायचं, थांबायचं, बघायचं, निळ्याने शेड किंचित गडद होते म्हणून मग वरून पांढरा थेंब. उलट क्रमाने केलंस तर पांढरा जास्त पडतो आणि सगळं खडूसारखं होतं, कारण टायटॅनियम डायऑक्साइड फार अपारदर्शक असतो, तो वाढला की कव्हरेज, म्हणजे खालची स्किन झाकणं, वाढतं, लेप जाड दिसतो.

मिक्सर तुझ्या फाऊंडेशनच्या जातीचा हवा. घटकांच्या यादीत सुरुवातीलाच डायमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलोक्सेन असेल तर तो सिलिकॉन बेस, मिक्सरही तसाच घे, नाहीतर तळहातावरच फाटतं किंवा चेहऱ्यावर गोळे होऊन निघतं. बाटलीत काही ओतू नकोस, रोज लागेल तेवढंच प्लेटवर किंवा हातावर मिसळ. आणि कृपा करून सनस्क्रीन किंवा झिंकचं डायपर क्रीम मिसळून फाऊंडेशन लाइट करायला जाऊ नकोस, हा सल्ला फिरतो खूप, त्याने सनस्क्रीनही बिघडतं आणि फाऊंडेशनही.

अबोली_अ

नीलांबरी, रंगद्रव्य, काय सांगू, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. आत्ताच कागद धरून बघितलं. मान गुलाबी अजिबात नाहीये, मला तर ती हिरवट वाटली, म्हणजे आजारी दिसते तशी राखाडी-हिरवट. मी आरशात परत परत बघितलं, फोनवर फोटो काढला तर फोटोत पिवळी आली. हे नॉर्मल आहे का? आणि स्किनच्या डॉक्टरांनी मागे मला टाइप १ म्हटलं होतं, मी ते शेडचंच काहीतरी समजून दुकानात सांगत होते.

रंगद्रव्य

अगदी नॉर्मल, त्याला ऑलिव्ह म्हणतात. लोकांना वाटतं ऑलिव्ह म्हणजे सावळी स्किनच, पण फिकट ऑलिव्हही असते आणि तिच्यासाठी तयार शेड मिळणं सगळ्यात अवघड, कारण कूल शेड तिच्यावर गुलाबी दिसते आणि वॉर्म शेड नारिंगी. तुझी दोन्ही वेळची तक्रार हीच आहे! तुझ्यासाठी न्यूट्रल शेड घेऊन त्यात निळ्याचा टिंब, म्हणजे निळा आणि आतला पिवळा मिळून ती हिरवटाकडे झुकते.

फोटोवर जाऊ नकोस, फोन स्वतःच रंग दुरुस्त करत असतो. काढायचाच असेल तर तो पांढरा कागद फ्रेममध्ये ठेव, कागद पिवळा आला तर मानही पिवळी येणारच.

टाइप १ हे फिट्झपॅट्रिक स्केलचं. थॉमस फिट्झपॅट्रिक या डॉक्टरांनी १९७५ मध्ये ती मांडली, स्किन उन्हात भाजते किती आणि टॅन होते किती यावरून. टाइप १ म्हणजे नेहमी भाजणारी, कधीच टॅन न होणारी. शेडशी तिचा संबंध नाही.

आणि शेडची अक्षरं बघताना सांभाळ. एस्टी लॉडर डबल वेअरमध्ये सी म्हणजे कूल, एन न्यूट्रल, डब्ल्यू वॉर्म, सरळ आहे. मॅकमध्ये मात्र एनसी ही सोनेरी-पिवळट स्किनसाठी आणि एनडब्ल्यू गुलाबी स्किनसाठी, म्हणजे बाकीच्यांच्या नेमकं उलट. एका ब्रँडमधली शेड दुसऱ्यात अक्षर बघून शोधली की हमखास फसगत होते.

खिडकीपाशी

मला अल्बिनिझम आहे, म्हणजे स्किन, केस, डोळे यांत जन्मापासूनच रंग फार कमी, त्यामुळे माझ्या अनुभवातल्या दोन-तीन गोष्टी, ज्या शेड बरोबर मिळाल्यावरही लागतातच.

केसांची कड. माझे केस आणि भुवया जवळजवळ पांढऱ्या आहेत, फाऊंडेशन त्यात अडकलं की केसांच्या मुळाशी मातकट रेघ दिसते आणि भुवया बेज होतात, काळे केस असणाऱ्यांना हे कधी कळत नाही. मी कपाळावर वरपर्यंत लावतच नाही, मधून बाहेर नेते आणि कडेला स्पंजवर जे उरलंय तेवढंच. शेवटी ओल्या मस्कारा ब्रशने भुवया विंचरते. अबोली, तुझ्या भुवया फिकट असतील तर हे नक्की कर.

दुसरं ऊन. फाऊंडेशनवर एसपीएफ १५ किंवा ३० लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नकोस. एसपीएफ मोजतात तेव्हा स्किनच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात, तेवढं फाऊंडेशन कुणीच लावत नाही, लावलं तर थापल्यासारखं दिसेल. आधी वेगळं सनस्क्रीन, भरपूर, मग ते बसू द्यायचं, मग फाऊंडेशन स्पंजने दाबत दाबत, घासायचं नाही, नाहीतर खालचं सनस्क्रीन निघतं. आपल्यासाठी हे रोजचं आहे, ढग असले तरी.

खिडकीत बसून शेड बघ हा सल्ला मलाही सगळे द्यायचे पण मला उजेड सहन होत नाही आणि नजरही कमी आहे, मी खिडकीकडे तोंड करून न बसता बाजूला बसते, उजेड तिरका येतो, आणि मोठं दाखवणारा आरसा धरते. ज्यांचे डोळे उजेडाने दुखतात त्यांनी असं करून बघा.

आणि ते, तुला काय प्रॉब्लेम, वालं. मी शाळेपासून ऐकतेय. रंग जुळत नाही म्हटलं की लोक त्याचं कौतुक करतात आणि प्रश्न तिथेच राहतो. तू विचारलंस ते बरं केलंस.

साधीसुधी

मी जरा वेगळं म्हणते, पूर्ण चेहऱ्याला फाऊंडेशन लावायलाच हवं का? तुला नाकाची बाजू आणि डोळ्यांखालचं एवढंच झाकायचंय ना. जितकं कव्हरेज जास्त तितकी शेड अचूक लागते, पातळ टिंटेड मॉइश्चरायझर, म्हणजे किंचित रंग असलेलं, अर्धी शेड चुकलं तरी खपून जातं. मी फक्त कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं दाट क्रीम, वापरते, बारीक ब्रशने लाल जागेवर टिंब, कडा बोटाने पुसायच्या, बाकी स्किन उघडी. डोळ्यांखालच्या निळ्यासाठी पीच करेक्टर, म्हणजे निळेपणा मारणारा पीच रंग, लाव म्हणतात पण नेहमीचा पीच आपल्यासाठी फार गडद, अगदी फिकट पीच-गुलाबी घे, आणि तोही जिथे निळं आहे तिथेच, संपूर्ण डोळ्याखाली नाही.

नीलांबरी

साधीसुधीला अनुमोदन. फक्त एवढंच की समारंभात फ्लॅशमध्ये फोटो असतील तर आधी घरी फ्लॅश मारून बघ, सिलिकाची पांढरी पावडर जास्त बसली असेल तर फोटोत डोळ्यांखाली पांढरे चट्टे येतात, आरशात काहीच दिसत नाही.

शेडचं म्हणशील तर आधीपेक्षा बरे दिवस आहेत. २०१७ मध्ये फेंटी ब्यूटीने सुरुवातीलाच ४० शेड आणल्या, त्याचा खरा फायदा सावळ्या आणि काळ्या स्किनच्या बायकांना झाला, त्यांच्याकडे तर किती वर्षं कुणी बघतच नव्हतं, पण फिकट टोकालाही एकाच्या जागी वेगवेगळे अंडरटोन मिळायला लागले. नार्स ब्रँडची सायबेरिया शेड बघ एकदा, ती न्यूट्रलच्या जवळ आहे, पीच कमी.

अबोली_अ

सांगायला आले. नवीन फाऊंडेशन घेतलंच नाही! घरातल्या सातपैकी जे सगळ्यात कमी गुलाबी आणि कमी पीच होतं ते काढलं, यादीत डायमेथिकोन होतं म्हणून सिलिकॉनवालाच निळा आणि पांढरा मिक्सर आणला. पहिल्या दिवशी निळा जास्त पडला, चेहरा राखाडी झाला, धुतला. दुसऱ्या दिवशी टूथपिकच्या टोकावर घेतला, एका पंपाला एक टिंब, मग पांढऱ्याचे दोन थेंब. जबड्यावर पट्टी ओढली, सनस्क्रीनच्या वर, आणि कामं करत बसले. तासाभराने आरसा घेऊन गेले तर मला पट्टी सापडेना. बोट लावून बघितलं तेव्हा कळलं कुठे आहे ते. आईला दाखवलं, ती म्हणाली काही लावलंयस का.

आता पूर्ण चेहऱ्याला नाही लावत, साधीसुधी म्हणाली तसं नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर, बाकी तसंच. भुवयाही विंचरते, खिडकीपाशी, त्या खरंच बेज व्हायच्या आणि माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. डोळ्यांखालचं अजून जमत नाहीये, फिकट पीच करेक्टर लावला की तासाभराने रेघांमध्ये जमा होतो. त्यावर पावडर लावायची की आधी क्रीम कमी करायचं?

साधीसुधी

आधी क्रीम कमी कर. आणि करेक्टर लावल्यावर मिनिटभर थांबून कोऱ्या बोटाने रेघेतून जास्तीचा उचलून घे, मगच पावडर, ती पण ब्रशवर उरलेली.