कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी करारात ठरलेली मागणी) २०० केव्हीए असताना बिलात एमडी (कमाल मागणी) २१२ कशी?

प्रश्न :
नमस्कार. शिरोलीला आमचे कास्टिंगचे मशीन शॉप आहे. या महिन्याच्या बिलात कमाल मागणी २१२ केव्हीए नोंदली गेली असून जादा मागणीचा दंडही लागला आहे. पॅनेलवरील मीटरमध्ये आम्ही १८० किलोवॉटच्या वरचा आकडा कधी पाहिलेला नाही. ७५ अश्वशक्तीचा काँप्रेसर सुरू होताना अँमीटरचा काटा झपकन वर जातो. त्या क्षणाचीच ही नोंद असावी का?

उत्तर १ :
नाही. मीटर क्षणिक झटका मोजत नाही, तर १५ किंवा ३० मिनिटांच्या प्रत्येक टप्प्याची सरासरी काढतो आणि महिन्यातली सर्वांत मोठी सरासरी एमडी म्हणून धरतो. ६० केव्हीएच्या मोटरने सुरुवातीला सहापट, म्हणजे ३६० केव्हीए, दहा सेकंद घेतले, तरी अर्ध्या तासाच्या सरासरीत त्याचे जेमतेम २ केव्हीए होतात. ब्रायटनच्या आर्थर राइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेच्या नळीचा मागणी-दर्शक बनवला, त्यातही प्रवाह काही मिनिटे टिकल्याशिवाय नळीतला द्रव पुरेसा सरकत नसे.

उत्तर २ :
वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र आपण किलोवॉट (प्रत्यक्ष कामी येणारी वीज) पाहत आहात आणि बिल केव्हीएवर (वाहिनीतून घेतलेली एकूण वीज) आहे, खरी मेख तिथे आहे. किलोवॉट भागिले केव्हीए म्हणजे पॉवर फॅक्टर. १८० किलोवॉटला पॉवर फॅक्टर ०.८५ असेल तर १८० भागिले ०.८५, म्हणजे जवळपास २१२ केव्हीए होतात, तोच ०.९५ असता तर मागणी १९० केव्हीएच्या आत राहिली असती. वाहिन्या आणि ट्रान्सफॉर्मर केव्हीएच्या हिशेबानेच उभारावे लागतात, म्हणून ही आकारणी मला रास्त वाटते. वीज कंपनीकडे मीटरचा लोड सर्व्हे (मीटरने टप्प्याटप्प्याने साठवलेल्या मागणीच्या नोंदी) लेखी मागा. एमडी कोणत्या तारखेला, किती वाजता लागली ते त्यात दिसेल. तोवर कॉन्ट्रॅक्ट डिमांड वाढवण्याचा अर्ज कृपया करू नका, कारण मग मागणी आकाराचा भार दरमहा वाढू शकतो.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. लोड सर्व्हे मिळाला. नोंद सोमवारी सकाळी साडेनऊ ते दहाची आहे, पॉवर फॅक्टर ०.८५. पॉवर फॅक्टर सुधारणारे कॅपॅसिटर पॅनेल उघडले तेव्हा दोन फ्यूज उडालेले आणि एक कॅपॅसिटर पोट फुगून बसलेला आढळला. पॅनेलवरचा हिरवा दिवा मात्र चालूच होता, त्यामुळे आमच्या वायरमनला शंका आली नव्हती. उद्या नवीन बसवत आहोत.