समुद्राजवळ कायमचं राहायला घर हवंय, परवडणारं आणि गर्दी नसलेलं. कुठे बघावं?

सुरंगी_ठाणे

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात राहतो, मी, नवरा, चौथीतली मुलगी आणि सासूबाई. नवऱ्याचं काम पूर्ण घरून आहे, माझंही अकाउंट्सचं काम लॅपटॉपवरच होतं, त्यामुळे इथे लोकलच्या आवाजात आणि पार्किंगच्या भांडणात राहायचं काही कारणच उरलेलं नाही. समुद्राजवळ घर घ्यायचंय, पण वीकेंडचा बंगला नाही, बारा महिने राहायचं घर. दुरुस्ती धरून ४० लाखांच्या आत बसायला हवं.

अलिबाग, किहीम, नागाव बघून झालं. भाव ऐकूनच परत आलो आणि शनिवार-रविवारी तिथे रस्त्यावर गाडी हलत नाही. अटल सेतू झाल्यावर तर त्या बाजूचा विषयच संपला असं वाटतं. आता गुहागर, दापोली किंवा खाली वेंगुर्ला असा विचार चाललाय. एजंट लोक जे दाखवतात ते सगळे "सी व्ह्यू प्लॉट", म्हणजे डोंगर कापून पाडलेले तुकडे, आजूबाजूला एक घर नाही, पाणी टँकरचं. आम्हाला गाव हवंय हो. सकाळी कोणीतरी "काय करताय" विचारणारं हवं, मुलीला खेळायला पोरं हवीत, सासूबाईंना देवळात चालत जाता आलं पाहिजे. त्यांना बीपी आणि शुगर आहे त्यामुळे डॉक्टरही लांब नको.

जुनं घर घ्यावं की जागा घेऊन बांधावं? आणि कागद नक्की कुठले बघायचे? ज्यांनी स्वतः असं केलंय किंवा जे तिथेच राहतात त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

खालचा_पाट

ताई, मी गुहागरचाच, जन्म इथला, मधली काही वर्षं पुण्यात काढून परत आलोय. तुमचा शोध बरोबर दिशेला चाललाय, पण आधी एक गोष्ट मनात पक्की करा: कोकणात घर मिळणं अवघड नाही, *विकता येईल असं* घर मिळणं अवघड आहे. आमच्या वाडीत बंद घरं कितीतरी आहेत, कौलं खाली आलीत, अंगणात रान माजलंय, बघून तुम्हाला वाटेल की मालक आनंदाने देतील. पण सातबारा काढलात की कळतं. आजोबांच्या नावावरून वारस नोंदी होत होत वीस-पंचवीस नावं लागलेली असतात, त्यातले अर्धे मुंबईत, कोणी बडोद्यात, कोणी अमेरिकेत, दोन-तीन जण वारलेले आणि त्यांच्या वारसांची नोंदच झालेली नाही. मग एक भाऊ तुम्हाला सांगतो की माझा हिस्सा मी विकतो, बाकीचे काही बोलणार नाहीत. तिथे हात जोडून बाहेर पडा. सामाईक घराचा हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला तर घरात राहायला जायचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही, वाटपाचा दावा लावून बसावं लागतं, आणि दावा म्हणजे तुमची मुलगी कॉलेजात जाईल तेव्हा निकाल.

दुसरं म्हणजे घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवून लोक म्हणतात हे बघा घर आमच्या नावावर. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकी त्याने सिद्ध होत नाही. आमच्याकडे घर एकाचं, जमीन दुसऱ्याची आणि अंगणातला माड तिसऱ्याचा असं खरोखर असतं. सातबारा, ८अ, जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी), गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका, हे सगळं घेऊन तिथल्याच तालुक्यातल्या वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढा, ठाण्याच्या वकिलाकडून नको, कारण कुठल्या घराण्यात काय वाद चाललाय हे स्थानिक वकिलाला कागद न बघताही माहीत असतं. सातबाऱ्यावर इतर अधिकारात कुळाचं नाव आहे का, वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन आहे का, वनाचा शेरा आहे का हे बघा. मोजणी करून घ्या आणि हद्दीवर उभं राहून शेजाऱ्यांशी बोला. आणि वाट! घरापर्यंत गाडी जाते ती कोणाच्या तरी आगरातून (बागेतून) जात असेल आणि कागदावर वाट नसेल, तर उद्या तो गडगा (दगडी कुंपण) घालून मोकळा होतो.

गुहागर शहराचं म्हणाल तर खालचा पाट, वरचा पाट या भागात रस्त्याला लागून घर, मागे नारळ-पोफळीचं आगर आणि आगर संपलं की पुळण (वाळूचा किनारा), अशी लांबलचक अरुंद रचना आहे. समुद्र सगळ्यांच्या परसात, तरी बाजार, शाळा, दवाखाना चालत. भाव आता चढलेत हे खरं. वेळणेश्वर, हेदवी, पालशेत या बाजूला जरा कमी पडेल.

माडाची_सावली

आम्ही मुंबई सोडून वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या एका गावात राहतोय, दोन्ही मुलं इथल्याच शाळेत. माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे, घेऊ नका, आधी भाड्याने राहा, आणि जूनमध्ये राहायला या. नोव्हेंबरमध्ये कोकणात कोणाचंही मन बसतं.

पावसाळ्याआधी इथे काय चालतं ते सांगते म्हणजे अंदाज येईल. मे महिन्यात कौलं चाळून घ्यायची, फुटलेली बदलायची (माकडं वर्षभर फोडतात, आणि हल्ली कौलं चाळणारा माणूस मिळायलाच मुश्किल). पश्चिमेच्या बाजूला पडवीला माडाची झापं किंवा जाड प्लास्टिक बांधायचं, नाहीतर वाऱ्याबरोबर पाऊस आडवा घुसतो आणि चिऱ्याची भिंत आतून ओली होते. लाकूडफाटा भरायचा. मग जुलैत कपड्यांना वास, चामड्याच्या चपलांवर बुरशी, बिस्किटाचा पुडा फोडला की दुपारपर्यंत मऊ. लाईट जाते ती कधी दोन तास तर कधी दोन दिवस. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, वर सोलर बसवलंय, आणि नेट एका फायबरवर आणि एका मोबाईल कंपनीच्या डोंगलवर, दोन्ही लागतात. तुम्हा दोघांचं काम नेटवर असेल तर हे घर बघतानाच तपासा, घराच्या आत उभं राहून कॉल लावून बघा, अंगणात नको.

खाऱ्या वाऱ्याने लोखंड टिकत नाही. ग्रिल, गेट, बिजागऱ्या, पंख्याच्या पट्ट्या, एसीची बाहेरची जाळी, सगळं खातं. किनाऱ्यापासून जितके आत जाल तितकं कमी. आमचं घर किनाऱ्यापासून साधारण दीड किलोमीटर आत आहे, रात्री गाज ऐकू येते, संध्याकाळी पोरं सायकलवर समुद्रावर जातात, आणि पुळणीला लागून असलेल्या घराच्या मानाने जागा खूपच स्वस्त पडली. शिवाय विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्येही गोड राहतं. अगदी किनाऱ्यालगतच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, म्हणून पाण्याची चव मे महिन्यातच बघायची.

तुमचं बजेट बघता मी म्हणेन की "समुद्रासमोर" हा हट्ट सोडा, "समुद्राच्या गावात" धरा. पर्यटक सगळे पुळणीच्या पहिल्या ओळीत येतात, डीजे तिथे, बाटल्या तिथे. आतल्या वाडीत तुम्हाला हवंय ते गाव मिळेल.

तांबडी_माती

माडाच्या सावलीन बरोबर सांगल्यान. पावसात येवन बघा आधी. उन्हाळ्यात सगळ्यांकाच कोकण बरा वाटता.

नकाशावाला

सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांचं, कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात, जिथे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा कमी लोकसंख्या आहे, तिथे भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र आहे. दाट वस्तीच्या गावांना हे ५० मीटर. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक गावं २०० मीटरवालीच धरून चाला. या पट्ट्यात बाहेरून आलेल्या माणसाला नवीन घर बांधता येत नाही. जुनं *अधिकृत* घर असेल तर त्याची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोतं आणि चटईक्षेत्र आहे तेवढंच ठेवून. म्हणजे "जुनं पडकं घर घ्या आणि तिथे दोन मजली बांधा" असं एजंट सांगत असेल तर तो फसवतोय. बांधकाम अधिकृत असल्याचा जुना कागद मागा.

खाडीकाठाला मात्र हे अंतर ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. म्हणून मी लोकांना नेहमी खाडीकाठची गावं बघायला सांगतो. पाणी डोळ्यासमोर, वारा कमी खारा, मासळी ताजी, आणि टुरिस्ट जवळपास नाहीच. दाभोळची खाडी, जयगडची, पूर्णगडची, खाली आचऱ्याची. फक्त मोठ्या उधाणाला पाणी कुठपर्यंत चढतं ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि घराचं जोतं त्याच्या वर आहे का बघा.

सुरंगी_ठाणे

बाप रे, एवढं सगळं कोणी एजंटने सांगितलं नव्हतं. मनापासून आभार सगळ्यांचे. खाडीकाठाचा विचार तर आम्ही केलाच नव्हता.

एक विचारायचं राहिलं. आम्हाला जी दोन घरं आवडली त्यांच्याबरोबर थोडी बागायत पण आहे, शेतजमीन म्हणून. नवरा शेतकरी नाही. माझ्या वडिलांची साताऱ्याकडे जमीन होती, ते गेल्यावर भावाबरोबर माझंही नाव सातबाऱ्यावर लागलंय. ह्याचा उपयोग होतो का?

खालचा_पाट

अहो मग तुमचं अर्धं काम झालंय. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, बिगरशेतकऱ्याने घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि तशी घेतलेली जमीन विनापरवानगी निघाली तर सरकारजमा होऊ शकते. वारसाने तुमचं नाव सातबाऱ्यावर आलंय म्हणजे तुम्ही शेतकरी आहात, खरेदीखत तुमच्या एकटीच्या नावावर करा, नवऱ्याचं नाव त्यात घुसवू नका. साताऱ्याचा ताजा सातबारा आणि ८अ काढून ठेवा, आणि मुख्य म्हणजे भावाला प्रेमाने हक्कसोड करून देऊ नका सध्या, घर होईपर्यंत तरी थांबा. घराचा भाग बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती शेतजमिनीला लागत नाही, त्यामुळे दस्त कसे करायचे ते वकिलाला विचारा.

इसार देण्याआधी स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्यायला लावा. मुंबईतला जो चुलत भाऊ आत्तापर्यंत गप्प होता तो नोटीस वाचून बरोबर फोन करतो, आणि तो आत्ता केलेलाच बरा. 'आपली चावडी' या सरकारी वेबसाइटवर त्या गावाच्या प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा दिसतात, तिथेही नजर टाका. कर्ज काढणार असाल तर बँकेला आधी कागद दाखवा, जुन्या कौलारू घरांना कर्ज द्यायला बऱ्याच बँका तयार होत नाहीत.

केळशीची_लेक

दापोली तालुक्याबद्दल लिहिते, माझं माहेर. केळशी, आंजर्ले, आडे ही गावं तुम्ही म्हणताय तशी आहेत, पाखाड्या (दगडी पायवाटा), देवळं, शेजार, सगळं आहे. मुरुड आणि कर्दे मात्र आता पर्यटनाची झालीत, तिथे शांतता शोधू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडे पोफळीच्या बागा झोपल्या, घरांची छपरं उडाली, वीज यायला कित्येक आठवडे लागले. त्यानंतर काही लोकांनी कंटाळून घरं विकायला काढली हे खरं, त्यामुळे घर स्वस्त मिळतंय म्हटलं की छपराचे वासे आणि आढं नवीन घातलेत का हे सुताराला घेऊन बघा. घरावर झुकलेला माड असेल तर तो काढायचा खर्चही धरा.

सासूबाईंचं मी जास्त गांभीर्याने घेईन. रोजच्या बीपी-शुगरला गावातला डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्र पुरतं, ते लोक रात्री उठूनही येतात. पण हार्टचं किंवा पॅरालिसिसचं काही झालं तर वेळ महत्त्वाचा. दापोलीहून रुग्णाला पुढे न्यायचं म्हणजे घाटवळणाचा रस्ता. गुहागरहून चिपळूण साधारण पंचेचाळीस किलोमीटर, पुढे सावर्ड्याजवळ डेरवणचं हॉस्पिटल मोठं आहे. वेंगुर्ला-सावंतवाडीकडचे लोक गंभीर पेशंटला सरळ गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेतात. आईंच्या वयाचा विचार केला तर माझ्या माहेरापेक्षा गुहागर किंवा वेंगुर्ला तुम्हाला सोयीचं, हे मलाच लिहावं लागतंय पण खरं तेच सांगते.

सुरंगी_ठाणे

ताई, तुमचं शेवटचं वाचून आम्ही घरात बसून बोललो. ठरलं असं की खरेदी वर्षभर पुढे ढकलायची. जूनपासून गुहागर किंवा पालशेतच्या बाजूला भाड्याने घर बघतोय, मुलीचं नाव तिथल्याच शाळेत घालणार. पाऊस काढू, सासूबाईंना झेपतंय का बघू, मग वाडीत फिरून घर शोधू. कोणाच्या ओळखीत राहण्यायोग्य घर असेल, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम घराला लागून असलेलं, तर कृपया मेसेज करा. अजून एक, पुढच्या आठवड्यात दापोलीत एका नातेवाईकांकडे जाऊन तसंच गुहागरला उतरायचंय, चिपळूणवरून वळसा घालावा लागेल का?

खालचा_पाट

नाही, दाभोळला या, तिथून धोपाव्याला फेरीबोट आहे, गाडी चढते. धोपाव्याहून गुहागर जवळच. शेवटच्या फेरीची वेळ तेवढी आधी फोन करून विचारा. पालशेतला माझ्या ओळखीत एक घर आहे, मालक मुंबईला असतात, घर उघडं राहावं म्हणून चांगलं कुटुंब शोधतायत. संडास-बाथरूम आत आहे, विहीर आहे, पडवीची दोन कौलं गळतात ती ते करून देतील. तुम्हाला मेसेज करतो. आलात की आधी दुपारी नेट बघा, मग बाकीचं बोलू.